पुढच्या खोलीतली नंदिता

६ जानेवारी
मागच्या पायऱ्यांवर आम्ही एकीखाली एक बसायचो. सगळ्यात वर इरुळर जमातीची तेलवाली, तिच्या पायांशी माझी बहीण नंदिता, नंदिताच्या पायांशी मी. तेलवाली नंदिताच्या डोक्यावर तेल ओतायची. ओघळेल ते नंदिता माझ्या डोक्यात जिरवायची आणि म्हणायची, "धना, तुला फुकट." शनिवारची सकाळ, मैलापूरचं हेच घर. सोमवारी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कॉलरवरचे डाग बघायच्या आणि दोघींना दहा-दहा हेल मेरी प्रार्थना म्हणायला लावायच्या. नंदिता माझ्या वाटच्याही म्हणून टाकायची.

हे आज आठवण्याचं कारण निव्वळ व्यावसायिक आहे.

चेंगलपट्टूकडच्या इरुळर बायकांची सहकारी सोसायटी मैलापुरात दुकानासाठी जागा शोधते आहे. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या अदितीनं सांगितलं. ती नागपूरची, कंप्युटरवाली, मला आत्या म्हणते. या बायकांच्या आज्या रानातून मुळ्या आणि मध आणत. आता तेल, शिकेकाई, उटणं, सगळं बाटलीबंद. माझी पुढची खोली रिकामी आहे. जवळजवळ रिकामी.

संकल्प: या बायकांना वर आणायचं. मी ऑनररी चेअरपर्सन. पगार घेणार नाही.

९ जानेवारी, दुपारी
पुढच्या खोलीत त्या तेलाचा वास. एकही बाटली अजून घरात आलेली नाही. जुनं लाकूड वास धरून ठेवतं, त्यात विशेष काही नाही. कोपऱ्यातल्या पेटीतून खुडखुडही ऐकू आली. उंदीर.

ब्रँडचं नाव ठरलं: नंदिता हर्बल. छान सुटसुटीत आहे. भावनेचा प्रश्न नाही.

१४ जानेवारी, पोंगल
पेटीत यंदाचं वस्त्र ठेवलं. ही आईची रीत, आमची मराठ्यांची नव्हे. नंदिता तापानं गेली तेव्हा शेजारच्या तमिळ बायकांनी आईला सांगितलं, लग्नाआधी गेलेली मुलगी घरची कन्नी होते, घरातच राहते. तिला दर वर्षी नवा परकर, बांगड्या, रिबन द्यावी. आई देत राहिली. आईमागे मी. माझा विश्वास नाही, मी सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली. फक्त आईचा मान.

यंदा सुती साडी घेतली. जरीचं वजन नंदिताला आता झेपायचं नाही. गुडघे.

मुलाचा, गिरीधरचा, पुण्याहून फोन. साडीचं सांगितलं. म्हणाला, अम्मा, मावशी पंधराव्या वर्षी गेली. मला माहीत आहे म्हटलं. तो आणखी काही विचारत होता, पण लाइन खराब होती. माझ्या बाजूनं मीच खराब केली.

२१ जानेवारी
सोसायटीची सेक्रेटरी येऊन गेली. नाव वळ्ळी. चाळिशीची, स्कूटरवर, हेल्मेटखाली मोगऱ्याचा गजरा. मी मोठ्या मनानं पहिलं काम तिलाच देऊ केलं, पेटीतले उंदीर पकडायचं. त्यांच्याकडे ती कला असते असं लहानपणापासून ऐकलेलं.

वळ्ळी हसली. तमिळमध्ये म्हणाली, "माझे मामा पकडायचे, अम्मा. मी जीएसटी भरते." मग खोलीची लांबी-रुंदी मोजली, नळ सोडून बघितला, शटर कुठं लागेल ते विचारलं. मीटर वेगळा हवा म्हणाली. जाताना पेटीपाशी थांबली.

"इथं उंदीर नाहीत, अम्मा."

तिच्याजवळ चेअरपर्सनचा विषय काढायचा राहिला. माझ्या सूचकतेतून तिला समजलं असावं.

३० जानेवारी
व्हिजिटिंग कार्डाचा नमुना केला. अदितीनं लॅपटॉपवर लावून दिला आणि विचारलं, आत्या, सोसायटीनं तुम्हाला नेमलंय का? या मुलींना कामाची पद्धत माहीत नसते. आधी कार्ड, मग नेमणूक.

जाता जाता तिनं विचारलं, दुपारी खाली हेल मेरी कोण म्हणतं? तिची मीटिंग चालू असते आणि खालून पोरीचा आवाज येतो, घाईघाईत, एकामागून एक. रेडिओ असेल म्हटलं. रेडिओ दिवाळीपासून दुरुस्तीला आहे, पण हे अदितीला कळायचं कारण नाही.

आजपासून दुपारची झोप बंद. त्या वेळात भाषण लिहायचं.

८ फेब्रुवारी
भाषणाला सुरुवात केली. 'प्रिय भगिनींनो' इथपर्यंत आलं. मग पुढच्या खोलीत बांगड्या वाजल्या. काचेच्या. उठून गेले. पेटी बंद, खोली बंद. कोपऱ्यात गारवा, बाहेर फेब्रुवारीचं ऊन. भिंतीत ओल असेल. गवंड्याला बोलवायचं.

मी घाबरलेली नाही. घाबरण्याइतकं परकं तिथं कोण आहे?

१९ फेब्रुवारी
वळ्ळी पुन्हा आली, सोबत सोसायटीच्या दोघी. बाहेर उभं राहून आपापसात बोलल्या. मग वळ्ळीनं सरळ विचारलं, पेटीत तुमची कन्नी आहे ना? मी म्हटलं, जुने कपडे आहेत. ती म्हणाली की त्यांची देवी कन्नियम्माच आहे, सात कुमारिकांच्या रूपातली. घरच्या कन्नीला विचारल्याशिवाय त्या कुणाच्या घरात दुकान मांडणार नाहीत. वेलचेरीत दुसरी जागा बघून ठेवली आहे, नव्या बिल्डिंगमध्ये, पार्किंगसकट.

वेलचेरी. पाऊस पडला की होडी लागते तिथं. असं मी बोलूनही दाखवलं. कुणी हसलं नाही.

मग मी पेटी उघडली. तळाशी आईनं ठेवलेले परकर, लाल, हिरवे. त्यावर मी ठेवलेले, वर्षागणिक लांब होत गेलेले. मग हाफ सारी, वयात आलेल्या मुली नेसतात ती. मग तिच्या लग्नात नेसायला म्हणून घेतलेलं कांजीवरम. मग साध्या साड्या, लोकरी मोजे, गुडघ्याचा पट्टा. सगळ्यात वर यंदाची सुती साडी आणि मागच्या वर्षीचा वाचायचा चष्मा.

वळ्ळीनं चष्मा हातात घेतला.

"अम्मा, कन्नीला कुणी म्हातारं करतं का?"

मी सांगितलं की नंदिता माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, हिशेब सरळ आहे. वळ्ळी म्हणाली की कन्नी आहे तिथंच राहते, पंधराची ती पंधराचीच. तिला तिच्या मापाचं काहीच मिळालेलं नाही, म्हणून ती शोधत हिंडते. मासी या तमिळ महिन्यातल्या पौर्णिमेला महाबलीपुरमच्या किनाऱ्यावर त्यांची सगळी माणसं जमतात. तिथं देवीला विचारू, ती हो म्हणाली तर खोली घेऊ, नाहीतर वेलचेरी. तुम्हीही या.

म्हणजे प्रमुख पाहुणी म्हणूनच. भाषण पूर्ण करायला हवं.

२ मार्च
भाषण पूर्ण झालं. इंग्रजीत लिहिलं, तमिळमध्ये वाचीन. उल्लेखनीय वाक्य: 'तुमच्या आजीचा हात अजून माझ्या डोक्यावर आहे.'

रात्री, दिवसा, कधीही, बांगड्या. पेटीपाशी जाऊन म्हटलं, नंदिता, मी एकटी पडू नये म्हणून तुला बरोबर घेऊन आले, त्यात काय चुकलं? उत्तर अर्थातच नाही. येणारही नाही. मी सुशिक्षित बाई आहे.

मग बसून राहिले. खोली दिली नाही तर पेटी जागेवर राहील आणि सगळं आहे तसं चालेल. दिली तर घरात माणसं येतील. यातलं कोणतं हवं, ते ठरेना. हे बिझनेसच्या दृष्टीनं लिहिते आहे.

१३ मार्च
काल किनाऱ्यावर जाऊन आले. अदिती गाडी चालवत होती. जुन्या साड्यांचे शेकडो तंबू, चुली, पोरं, लग्नं ठरवणाऱ्या म्हाताऱ्या. पाण्यालगत वाळूच्या सात पायऱ्या केलेल्या, वर फुलं. भाषण पर्समध्ये होतं.

वळ्ळीच्या मावशीच्या अंगात देवी आली. वळ्ळीनं विचारलं, मैलापूरची खोली घेऊ का? मावशी घुमत राहिली. मग वळ्ळीकडे नाही, माझ्याकडेही नाही, माझ्या मागे बघून बोलली, "पोरीला पोरच राहू दे. मग घ्या."

मला वाळूत बसवलं. मावशी मागे बसली आणि डोक्यावर तेल ओतलं. तोच वास. तेल मानेवरून ब्लाउजच्या गळ्यात उतरलं. कुणीतरी ते केसांत जिरवू लागलं. बोटं लहान होती, घाईची होती, आणि पाठीला लागलेले गुडघे कुठल्याच म्हातारीचे नव्हते. मी वळून बघितलं नाही. हेल मेरी म्हटल्या, माझ्या दहा आणि तिच्या वाटच्या दहा.

उठले तेव्हा मावशी समोर होती, पाण्याजवळ, पदर पिळत. अदितीला विचारलं, मागे कोण होतं? ती म्हणाली, आत्या, मी डबा आणायला गेले होते.

चेअरपर्सनचा मुद्दा देवीपुढे निघाला नाही. हरकत न घेतल्यामुळे तो मंजूर धरते.

१७ मार्च
वळ्ळी ॲग्रीमेंट घेऊन आली. सोसायटीत सभासद फक्त इरुळर बायका, पदं सभासदांनाच. ब्रँडचं नाव आधीपासून आहे, लेबलवर त्यांच्याच सात जणींचे चेहरे. नंदिता हर्बल ऐकून ती नुसती मान हलवत राहिली. मी विचारलं, मग मी कोण? ती म्हणाली, "घरमालकीण. छप्पर गळलं तर तुम्हालाच बोलावणार." आणि दुपारी येऊन बसा म्हणाली, दुपारी गिऱ्हाईक नसतं, कंटाळा येतो.

सही केली. व्हिजिटिंग कार्डांच्या मागच्या बाजूला भाजीची यादी लिहिता येते.

२० मार्च
पुढच्या खोलीत तीन दिवस काही वाजलं नाही. दुपारी कान देऊन बसले. बाहेरची भाजीवाली तेवढी ओरडत होती. वासही नाही. उद्या बाटल्या येतील तेव्हा येईल, पण तो तेलाचा असेल.

शटरवाला सकाळी येतो आहे, त्याआधी पेटी रिकामी व्हायला हवी. ठरवलं ते असं.

आईच्या हातचा लाल परकर, लाल रिबन आणि चार काचेच्या बांगड्या वळ्ळीकडे, त्यांच्या पाड्यावरच्या कन्नियम्मापाशी ठेवायला. तो पंधरा वर्षांच्या मुलीला बरोबर होतो. बाकीचे लहान परकर पाड्यावरच्या पोरींना, जिला जो येईल तो, भांडण झालं तर वळ्ळी मिटवील. हाफ साऱ्या मोठ्या मुलींना. कांजीवरम वळ्ळीच्या भाचीला, वैशाखात लग्न आहे तिचं, किनाऱ्यावरच ठरलं. साध्या साड्या दुकानात बसणाऱ्या बायकांना. यंदाची सुती मावशीला. मोजे आणि गुडघ्याचा पट्टा अदितीच्या आईला, नागपुरात थंडी असते. पेटी दुकानातच राहू दे, बाटल्या ठेवायला.

चष्मा मला. नंदिताचा नंबर कुठून आणणार होते, चष्म्याच्या दुकानात माझेच डोळे तपासले होते.