एकोणीस पानं, तीन मिनिटं

प्रिय राडिना,

फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतेस, म्हणून लिहितोय. दोना मावशीबद्दल आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच. तुमच्या इस्पितळात शेवटपर्यंत वाचायची पद्धत नाही, ठाऊक आहे मला.

तुझ्या बापानं इटलीहून आणलेल्या एका मोडक्या कॉफी मशीनवर धंदा सुरू केला. आज डॅन्यूबच्या काठाकाठानं माझी एकेचाळीस मशिनं आहेत, पण तुमच्या हृदयविभागाबाहेरचं मी अजून स्वतःच भरतो. मशीनच्या दारात डोकं घातलं की माणूस भिंतीत जमा होतो. कॉफीवाल्याला कान असतात, हे डॉक्टरीच्या सहा वर्षांत शिकवत नसावेत. तुमचे ते प्रोफेसर गेर्गिनोव्ह! साखरेचं बटण दाबायच्या आधी तीनदा विचार करणारा माणूस. प्रेशरच्या नव्या गोळीची चाचणी आली, तेव्हा तिथंच उभं राहून तरुण डॉक्टरांना शिकवत होता, "अरे, संमतीपत्राची एकोणीस पानं वाचू दिलीत तर पेशंट घाबरतील, घाबरले तर प्रेशर चढेल, चढलं की आकडे बिघडतील. त्यांच्या भल्यासाठीच वाचू द्यायचं नाही!" सगळे खिदळले. एक म्हणाला, "सर, मी चार मिनिटांत सही घेतो." त्यावर दुसरी, "चार? गप्पा मारत बसतोस वाटतं!" आणि प्रश्न विचारणारा पेशंट? तो म्हणे चाचणीला अयोग्य. आमच्या गल्लीतला टायरवालासुद्धा जुना टायर उतरवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो गं, आणि त्यानं कसली शपथ घेतलेली नाही.

मीही मनात हसलोच, खोटं कशाला बोलू? असल्या माणसाला तुच्छ मानायला फार सुख वाटतं. मग आठवड्याभरानं शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून आवाज आला, "मावशी, पेन्सिलनं फुल्या केल्यात ना, तिथं तिथं सही कर. बाकीचं सगळं वकिलांसाठी असतं." तुझा आवाज. मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं. चारवाल्याला हरवलंस. जुनी गोळी बारा आठवडे बंद होणार, आणि निम्म्या लोकांना नव्या गोळीच्या नावाखाली नुसती साखर मिळणार, हे त्या तीन मिनिटांत एकदाही आलं नाही. मावशीनं सह्या केल्या आणि वर घरी भाजलेल्या चीजच्या थरांच्या गरम बानित्साचा ट्रे टेबलावर ठेवला. गेर्गिनोव्हनं दोन तुकडे हाणले आणि मिशा पुसत म्हणाला, "असे पेशंट हवेत!"

काल तिच्याकडे गेलो, तर दाराची चौकट धरून उभी. शेजारच्या आसेनचं प्रेशरचं यंत्र आणून लावलं, एकशे ब्याण्णव. रोजचे आकडे लिहायला तुम्ही दिलेली वही उघडली, तर त्याच सकाळचा आकडा सुबक अक्षरात एकशे पस्तीस. रोज एकशे तीस, एकशे पस्तीस. हे काय गं, म्हटलं, तर मलाच दटावते, "गप्प बस रे स्टामेन! पोरीचं पहिलं मोठं काम आहे. माझ्यामुळे आकडे वाईट आले तर तिला बोलणी बसतील." मी कपाटातून ते एकोणीस पानांचं बाड काढलं, आणि वाटेल तेव्हा सोडता येतं असं सातव्या पानावर छापलंय, ते दाखवलं. "छापलंय! आई गेल्यावर ज्या पोरीला मी वाढवलं, तिनं आयुष्यात एक सही मागितली, आणि मी नाही म्हणू? लाज आहे का तुला?" तर असं हे तुमचं विज्ञान, डॉक्टरीणबाई. डॉक्टर सांगत नाही, पेशंट वाचत नाही, आणि एक म्हातारी मायेपोटी आकडे रचते.

तिला तशीच गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. जुनी गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करा, म्हणाला. तिनं ती हातात घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली. "राडिनाला विचारल्याशिवाय नाही." म्हणून हे पत्र आज सकाळी मशीन भरताना तुझ्या टेबलावर ठेवतोय. अकरा वाजता तिला आणून तुझ्यासमोर बसवणार आहे. ती हसेल, छान आहे म्हणेल. विश्वास ठेवू नकोस. आधी ती गोळी तिला तुझ्या हातानं दे. मग पानं वाचून दाखव, मोठ्यानं, गेर्गिनोव्ह दारात येऊन उभा राहिला तरी. आणि मग विचार, चाचणीत राहायचंय का. एक सांभाळ. ती नाही म्हणाली, तर तुझा चेहरा पडता कामा नये. कागदावर काय लिहिलंय ते ती बघणारच नाही. तुझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवेल.

तुझाच, आणि तुझ्यावरच रागावलेला,
बाबा