पाइपातलं ऊन पाणी

४ मे

ही लेकीकडे गेली. डोळ्याच्या ऑपरेशनला. गाडीत बसतानाही तोंडाचा पट्टा चालूच — "अहो, दुपारी मोगऱ्याने मान टाकली तरी हात लावायचा नाही. उन्हं कलली की तो आपोआप उठतो. पाणी पहाटे. बुंध्याशी. तांब्याने! आणि कविता म्हणत उभे राहू नका, कुंडी वाहून जाते तरी तुमचं कडवं संपत नाही."

म्हटलं, बरं.

एक डोळा कधीच गेलाय. सगळी भिस्त आता या दुसऱ्यावर. घरी आले की आधी मोगरा बघणार म्हणते. मी आपला नंतर!

७ मे

ऑपरेशन झालं. फोनवर आवाज ठणठणीत.

इथे ऊन भाजून काढतंय. गच्चीत अनवाणी पाऊल टेकवत नाही. कुंड्यांवर जुनी चादर बांधली, बुंध्याशी वाळका पाला पसरला. शहाण्यासारखा वागतोय.

९ मे

घात केला.

भर दुपारी गच्चीत गेलो. मोगऱ्याने मान टाकलेली. हिने बजावलं होतं, तरी बघवेना. चौथीत गुरुजींनी शिकवलेली, तहानेल्या पाखराची कविता आठवली. मोठ्याने म्हणत नळ सोडला, पाइप थेट कुंडीत. दोन कडवी झाली असतील — पायावर शिंतोडे उडाले. चटका! पाइप सकाळपासून उन्हात पडलेला, आतलं पाणी चहाच्या आधणासारखं. ते सगळं मुळांवर ओतलं मी. चालीत!

११ मे

पानं करपली, कळ्या काळ्या पडल्या. तेवढ्यात हिचा फोन. "मोगरा कसा आहे?"

"डवरलाय," म्हणालो. जीभ झडली नाही.

"पट्टी सुटली हो. समोरच्या छपरावरची मांजर दिसते. करडी. एक कान फाटलेला."

फाटलेला कानसुद्धा! डोळे भरून आले माझे. आणि लगेच मनात आलं — एवढं दिसतंय, तर काटक्याही दिसणार.

१२ मे

रोपवाला हसला. "आजोबा, मोगऱ्याचा चहा करायचा होता का?" तसाच दुसरा मोगरा दिला. हिच्याच, टवका उडालेल्या कुंडीत लावला. जुना टाकवेना. तो टाकीमागे, डब्यात. पहाटे त्याला तांब्याभर पाणी घालतो, पण तोंड फिरवून.

१५ मे

मांजर व्याली म्हणे. एक पिल्लू पांढरंशुभ्र, बाकीची आईवर गेलेली. किती रंगवून सांगत होती! मीही इकडून कळ्या वाढवल्या. कवितेला थापा म्हणणाऱ्यांशी जन्मभर भांडलो मी. आता काय तोंडाने भांडू? ती डोळ्यांनी बघून सांगते. मी मनाचं रचतो, तेही तिच्याशी.

उद्या खरं सांगेन.

१६ मे

नाही सांगितलं.

१८ मे

ही आली. लेकीने दंड धरून जिना चढवला. मी पाण्याचा पेला पुढे केला. पेला हवेतच राहिला.

"मला गच्चीत न्या," म्हणाली. आधी कुंडीचा टवका चाचपला, मग पानं. एकेक पान.

"हा आपला नाही हो."

सगळं सांगून टाकलं. टाकीमागचा डबा आणून तिच्या मांडीवर ठेवला. ती कितीतरी वेळ त्या काटक्यांवरून बोटं फिरवत राहिली.

मग म्हणाली, "छपरावर मांजर नव्हतीच."