फळ्यावरचा समुद्र

बाई, तिथे समुद्र नाहीये. मी जाऊन आले, या एप्रिलमध्ये, एकटीच. तुर्कस्तानात, मिलेटसला. नववीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर काढायचात तेच ग्रीकांचं शहर, मग रोमनांचं. डावीकडे नाट्यगृह, मधे बाजार, वरच्या अंगाला निळ्या खडूचा समुद्र आणि बंदराच्या तोंडाशी दोन दगडी सिंह. पोर्शनमध्ये नव्हतंच ते. तरी दरवर्षी एक अख्खा तास तुम्ही त्याच्यावर घालवायचात. तर नदीनं गाळ आणून आणून ते बंदर केव्हाच बुजवलंय आणि समुद्र मैलोगणती लांब गेलाय. नाट्यगृहाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर धापा टाकत चढले, तर समोर नुसती नांगरलेली शेतं. कशाची, म्हणून तिथल्या गाईडला विचारलं, तर कापसाची! कापूसच बघायचा होता तर आपलं अकोला काय वाईट होतं?

मी इतकी चिडले की तिथेच तुमच्याशी मोठमोठ्यानं भांडायला लागले. शेजारी बसलेलं एक अमेरिकन जोडपं उठून लांब जाऊन बसलं. अहो, सगळी नोकरीभर तुम्ही न बघितलेला समुद्र काढत राहिलात, आणि आम्हाला काय दम देत होतात? मी गाईडमधून उत्तर उतरवलं होतं, ते तुम्ही बरोब्बर पकडलंत आणि मला सगळ्या वर्गासमोर उभं केलंत. "हे तू बघितलंस? नाही. कुठे नीट वाचलंस? तेही नाही. मग कशाच्या जोरावर ठोकून दिलंस? पुन्हा असं केलंस तर मार्क कापीन. आणि मान खाली काय घालतेस? तोंड दिलंय ना देवानं? बोल की!" रडून रडून डोळे सुजले होते माझे. पण ते 'बोल की' पुढे जन्मभर पुरलं. व्हिसाच्या खिडकीशी पुरलं, इथे अमेरिकेत ऑफिसात मॅनेजर माझं काम स्वतःच्या नावावर खपवायला लागला तेव्हाही पुरलं.

म्हणून तर त्या स्वयंपाकघरातला दिवस मला गिळता येत नाही. तुम्ही इथे हर्नडनला मुलाकडे आला होतात, नातीला सांभाळायला, सहा महिन्यांच्या खेपेवर. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर माझ्या बाई राहतायत, याचंच मला केवढं अप्रूप! मी म्हटलं, "बाई, चला, मिलेटस बघून येऊ." तुम्ही आधी हसलात. मग दुसऱ्याच दिवशी साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून सोसायटीला फेऱ्या मारायला लागलात, चढाची सवय हवी म्हणून. नातीला घेऊन ड्राइव्हवेवर तिच्या जाड्या खडूंनी अख्खं शहर काढलंत, सिंहांसकट. मी तिकिटं काढली. आणि जायला आठवडा राहिला असताना तुमचा मुलगा, एवढा शिकलेला, फ्रीजला टेकून मला म्हणतो, "अगं, तेव्हा प्रीस्कूलला स्प्रिंग ब्रेक आहे आणि आम्हा दोघांचंही ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीज आहे. कॅन्सल कर ना यार. आणि आईला तो चढउतार झेपणारे का? दगडच तर आहेत. कुठे पळून जातायत?"

तुम्ही नातीसाठी दहीभात कालवत होतात. मी तुमच्याकडे बघत होते. आता बोलतील, आता याचा कान पिरगाळतील. वर्गात नुसत्या नजरेनं चाळीस पोरं गप्प करणारी बाई! तुम्ही भातातली मिरची शोधून बाजूला काढलीत आणि म्हणालात, "पुढच्या खेपेला जाऊ गं."

कसली डोंबलाची पुढची खेप! तुम्ही अकोल्याला परतलात आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आत गेलात. तुमच्या मुलावर मी खूप चिडले, पण त्याच्याशी एकदा कडकडून भांडले आणि तो राग निवळला. तुमच्यावरचा काही केल्या निवळत नाही. तुमचं तोंड कुठे गेलं होतं, बाई? मला शिकवलंत, मग स्वतःच्या पोटच्या पोरासमोर दातखीळ बसली? एकदा नुसतं 'मला जायचंय' म्हणाला असतात, तर नातीलाही काखोटीला मारून नेलं असतं मी. हे पत्र पाठवायला पत्ता नाही म्हणून, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून तुमची सही घेतली असती.

तुमचा एक सिंह सापडला बरं का. छातीपर्यंत चिखलात रुतलाय. भोवती साचलेलं हिरवं पाणी आणि बेडकांचा नुसता कालवा. नाकाड झिजलंय त्याचं. दुसरा कुठेतरी गवतात होता म्हणे, मला दिसला नाही. आणि गंमत सांगू? त्या चिखलाकाठी उभी असताना मला एवढंच वाटत होतं की तुम्ही असतात तर समुद्र कुठे गेला, कसा गेला, हे विचारून विचारून त्या गाईडला हैराण केलं असतंत. ते मला बघायचं होतं. ते बघायला मिळालं नाही, म्हणून हा सगळा जाळ.

परत आल्यावर गेल्या रविवारी तुमच्या मुलाकडे पावभाजीला गेले होते. तुमची नात आता माझ्या खांद्याला लागते. पावाला बटर लावता लावता थांबली. "वेट, तू आजीच्या सिटीला गेलीस? तो ओशन खरंच लायन्सपर्यंत येतो? आजीनं आपल्या ड्राइव्हवेवर काढला होता ना, ब्लू, मला आठवतंय." तुमचा मुलगा भाजी ढवळत होता, त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे सगळं तयार होतं, बाई. समुद्र-बिमुद्र काही नाहीये, तुझ्या आजीला ते बघायलाच मिळालं नाही, का ते विचार तुझ्या बाबाला. त्यातलं शेवटचं तर इतकी वर्षं जिभेवर घोळवलेलं. मी तोंड उघडलं.

"येतो ना," मी म्हटलं. "अगदी त्यांच्या पायांपर्यंत. निळाशार."

न बघितलेलं ठोकून दिलं, बाई. कापा मार्क.