गालाला गाल नाही

व्हियारिका,
३ ऑगस्ट १९९७

ति. एलादियामावशीस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग आहे, पण लांबूनच. तुला त्याचा राग येत नाही, म्हणून तर तुलाच लिहिते आहे.

आमच्या घरात सध्या माझ्या पंधराव्या वाढदिवसाशिवाय दुसरा विषय नाही. नोव्हेंबर अजून लांब आहे, पण आईने शाळेमागचा हॉल ठरवलासुद्धा, आणि अर्ध्या गावाला बोलावूनही झालं. मुलीचा पंधरावा म्हणजे आपल्याकडे लग्नासारखाच थाट! बाबा ब्युनोस आयर्सला बांधकामावर, त्यांना सुटी नाही. म्हणून बापाने घ्यायची नाचाची पहिली फेरी माझे धर्मपिता अनास्तासियोकाका घेणार. त्यांच्यामागे सगळे मामा, काका, चुलतभाऊ रांगेने येणार आणि प्रत्येकाचा हात माझ्या पाठीवर. नुसतं लिहितानाही पाठ आक्रसते आहे.

परवा शिंपिणीकडे झगा घालून पाहिला. गुलाबी जाळीचा, गळ्याला लेस, आतून शिवण टोचणारी. मी असा टाहो फोडला की समोरचा दुकानदार धावत आला. त्याला वाटलं सुई घुसली. आई त्याला म्हणाली, काही नाही हो, थेरं आहेत. मावशी, थेरं नाहीत गं. कुणाचं बोट हलकेच लागलं तरी तिथे चटका बसतो आणि कितीतरी वेळ राहतो. कपड्यांची लेबलं मी कापून टाकते, मोजे उलटे घालते. आणि आपल्याकडे तर भेटेल त्याला गालाला गाल लावायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. दाढीचे खुंट, घाम, पावडर! मान मागे घेतली की मी शिष्ट. आजीने मला झाडपाल्याच्या बाईकडे नेलं. तिने नजर काढायला सतापीची डहाळी अंगभर फिरवली. मी ती हिसकावून तिच्याच अंगणात फेकली. आता मी शिष्टही आणि नास्तिकही.

तू मागे म्हणाली होतीस, असुन्सियोनला एक बाई आहेत, अशा मुलांना मदत करतात. मला त्यांच्याकडे ने. नाहीतर वाढदिवसाला मी आंब्याच्या झाडावर चढून बसेन आणि केक वर मागवीन.

तुझी माया हवी असलेली, फक्त हातभर अंतरावरून,
निल्सा

*

असुन्सियोन,
१२ ऑगस्ट १९९७

चि. निल्सास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी टेलिफोन ऑफिसात कामावर वाचलं आणि अशी हसले की एका गिऱ्हाइकाचा फोन भलत्याच गावाला जोडला. त्या दोघांच्या गप्पा मात्र छान रंगल्या. हसले ते आंब्याच्या झाडाला, बाकीच्याला नाही.

तुला सांगितलेल्या त्या मिर्ताबाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, घेऊन या, आणि तिला सांगा की ती एकटी नाही. तेव्हा ये. माझ्याकडे राहा. पण बजावून ठेवते, कातडीचं निमित्त सांगून भांडी घासायची टाळलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझ्या आईला वेगळं पत्र टाकलं आहे. ताईपुढे माझी अजून बोबडी वळते, तरी टाकलं. उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

आशीर्वाद आहेतच, ते न टोचणारे आहेत,
तुझी मावशी

*

व्हियारिका,
२० ऑगस्ट १९९७

चि. एलादियास,

आशीर्वाद, रागातले का होईनात.

तुला पोरं नाहीत, म्हणून तुला सल्ले सुचतात. हे वाचून तुला लागेल. लागू दे, मलाही लागलं आहे. पोरीला मीच छळते असं तू कुठे लिहिलं नाहीस, पण ओळीओळीत तेच आहे.

तान्ही असताना छातीशी धरली की ही कमान करून मागे जायची. शेजारणी बघायच्या. तेव्हापासून मी तिला जपून, हलक्या हाताने धरत आले. आताही ती झोपली की बोटाच्या टोकाने कपाळावरचे केस सारते, तर झोपेतसुद्धा ती कपाळ पुसून टाकते. माझा हात पुसून टाकते गं ती. हे मी कुणाला सांगू?

तुझ्या त्या बाईंकडे गेली की गावभर बोभाटा होईल, सुनिल्दाच्या पोरीचं डोकं फिरलं म्हणून. तरी पाठवते, कारण पोरगी जेवेना. पण माझी अट ऐक. वाढदिवस होणार, आणि ती दारात उभी राहून एकेका पाहुण्याचं स्वागत करणार. लपून बसायला तिने काही चोरी केलेली नाही.

रागावले तरी तुझीच,
ताई

*

असुन्सियोन,
१४ सप्टेंबर १९९७

ति. आईस,

सा. न. वि. वि. इकडे मी जेवते आहे. मावशीची भांडीही घासते आहे, तीच सांगेल.

मिर्ताबाई वेड्यांच्या डॉक्टर नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी हात मागे ठेवून विचारलं, हात मिळवू का, की नको? मी नको म्हटलं. त्या बरं म्हणाल्या आणि खुर्ची दाखवली. आई, मला रडूच फुटलं. नको म्हटल्यावर कुणी नुसतं बरं म्हणतं, हे मला माहीतच नव्हतं.

त्या म्हणतात, ही थेरं नाहीत आणि माझा स्वभावही नाही. काही जणांच्या अंगाचा रेडिओच मोठ्या आवाजात लागलेला असतो. तो बंद होत नाही, पण थोडा कमी करायला शिकता येतं. मी वाळूच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसते, भिंतीला जोर लावते, जड गोधडीखाली झोपते. आणि एक गोष्ट तुला मुद्दाम लिहिते. मला सगळ्यात जास्त भाजतो तो हलका स्पर्श. आधी सांगून, समोरून, घट्ट धरलं तर सोसतं, कधी कधी बरंही वाटतं. माशी बसली की बैल कातडी थरथरवतो, जू ठेवलं तर नाही, तसंच काहीसं.

तुझी अट मान्य. दारात मी उभी राहीन. आता माझ्या अटी ऐक. झगा जाळीचा नको, शेजारच्या याताती गावातल्या विणकरणींचा सुती हवा, पुष्कळदा धुऊन मऊ केलेला. नाच नाही. आणि गालाला गाल नाही, कुणाच्याच. ही परवानगी मागत नाही, आधीच सांगून ठेवते आहे.

तुझी, आहे तशीच,
निल्सा

*

व्हियारिका,
२४ नोव्हेंबर १९९७

चि. एलादियास,

अनेक आशीर्वाद. तुला रजा मिळाली नाही तेच बरं झालं. तू भांडणात पडली असतीस, आणि ते मला एकटीलाच हवं होतं.

काल पोरगी पांढऱ्या सुती झग्यात दारात उभी राहिली. काय करणार आहे ते मलाही सांगितलं नव्हतं. पहिली आपली आई आली. निल्साने छातीशी तळवे जोडले आणि आशीर्वाद मागितला, लहानपणी आपण उठल्याबरोबर मागायचो तसाच. आईने हवेत क्रूस काढला. मग आल्या शेजारणी, मग शाळेच्या मोठ्या बाई. पोरीचे तळवे जोडलेलेच. आता आशीर्वाद मागणाऱ्याला आपल्यात कोण नाही म्हणेल? जो तो हात वर करून आशीर्वाद देई आणि पुढे सरके. गाल पुढे करायला सवडच नाही! गोंधळ एवढाच झाला की त्या नादात तिने वर्गातल्या देर्लिसपुढेही तळवे जोडले. त्या टोणग्याने बिशपाच्या थाटात आशीर्वाद दिला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली, निल्साचीही.

मग अनास्तासियो आला, आधीच थोडी घेऊन. आशीर्वाद दिला, आणि म्हणाला, तो देवाचा झाला, आता माझे दोन मुके कुठे आहेत? निल्सा मागे सरली आणि खणखणीत आवाजात नको म्हणाली. त्याने हात लांब करून तिचं मनगट धरलं. वाजंत्री थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पोरीला दटावीन, अशीच सगळ्यांची अपेक्षा होती.

एलादिया, मी मध्ये जाऊन उभी राहिले. सांगितलं, हात सोड. तिने नको म्हटलं आहे, आणि आमच्या घरात नको म्हटल्यावर बरं म्हणायचं असतं. तो म्हणाला, मी हिचा धर्मपिता आहे, आजचं मांस माझ्या पैशाचं आहे. मी म्हटलं, मग घेऊन जा. आणि तो खरंच गेला गं, निखाऱ्यावरच्या बरगड्या काढून, परातीसकट! आम्ही चिपाचे चीज घातलेले पाव आणि उकडलेला मांडिओकाचा कंद खाल्ला. काही पाहुणे तोंड वाकडं करून उठले. खुशाल जावोत. माझ्या पोरीचं डोकं फिरलं म्हणतील. आईचं आधी फिरलं, असं सांगा म्हणावं.

आज सकाळी मी चिपाचं पीठ मळत होते. निल्सा आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, आता मला धर, पीठ मळतेस तशी. माझे हात पिठाने भरलेले. इतकी वर्षं जपत आले ते हात. सवयीने हलकेच धरायला गेले तर तिने डोळे वटारले. मग आवळली. अजून, म्हणाली. अजून आवळली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि ती मागे गेली नाही. मी रडत रडत म्हटलं, बाळा, हाड मोडेल. ती म्हणाली, मोडलं तर मोडू दे, पण हळू नको.

लोभ आहेच, आणि आता घट्ट आहे,
तुझी ताई,
सुनिल्दा