चौथी घागर

डोणगाव, अक्षय तृतीया, १९६२. दिवेलागण.

वाचनालयातून आणलेली ऐतिहासिक रहस्यकादंबरी दुपारी संपवली. सरदार घराण्यानं लपवलेली मुलगी कोण, हे मी तिसऱ्या प्रकरणातच ओळखलं होतं. केवढी मिरवत होते स्वतःशी! त्याच नादात आईनं पितरांसाठी भरून ठेवलेल्या घागरी मोजल्या. आजोबा, आजी, बाबा. मग चौथी कोणाची? आणि ती एवढी लहान का, लोट्याहून जराशीच मोठी?

दरवर्षी चारच असतात का? काही केल्या आठवत नाही. पुस्तकात मात्र पानापानावर खुणा शोधत बसते मी!

आईला विचारलं. म्हणाली, "काऊन मोजून राह्यली व? तू तुयं पुस्तक वाच."

त्यानंतर सकाळचं एकदम आठवलं. पाणी सोडताना ती एकेकाचं नाव घेत होती. तिघांची झाली. मग त्या लहान घागरीपुढे जरा थांबली आणि हळूच म्हणाली, "सुमन."

माझंच नाव, म्हणून मला वाटलं, मलाच हाक मारली. मी स्वयंपाकघरातून ओ दिली.

तिनं वळून पाहिलंच नाही. माझ्याआधी या घरात आणखी एक लहानगी सुमन होती का?