मोलकरणीचं काम

८ जानेवारी

मोलकरीण! मंडळाच्या नाटकात यंदा मला मोलकरणीचं काम. नायिका गीतांजली. पाठांतर माझं चोख, आवाज माझा खणखणीत— आणि हातात झाडू! दिग्दर्शक आलोक म्हणतो, "शरयूताई, जुन्या इटालियन प्रहसनांत मोलकरीणच सगळ्यात हुशार. कंजूष मालकाला बनवते, त्याच्या पोरीचं लग्न लावते. पूरा नाटक वही चलाती है!"

मग गीतांजलीला का नाही दिलं?

मालक कोण, तर आमचे बाबा. एकाहत्तराव्या वर्षीही मोठी भूमिका त्यांनाच.

१५ जानेवारी

मालकाला मुखवटा, मोलकरणीला नाही— तिचा चेहरा दिसला पाहिजे म्हणे. आणि बाबा मनाला येईल ते बोलतात! मी तिजोरीची चावी मागितली, तर त्यांनी पुढच्या प्रवेशातलं वाक्य ठोकलं. मी काहीबाही जोडून गाडी रुळावर आणली. आलोक माझ्यावरच ओरडला, "ताई, मनचं काहून बोलून राहिल्या?" चूक त्यांची, आणि बाबा मुखवटा पुसत बसले!

२२ जानेवारी

पुन्हा तेच. दोनदा.

३० जानेवारी

तालमीहून येताना मी बाबांना स्कूटरवरच बोलले— टाळ्यांसाठी करता तुम्ही हे, मला तोंडघशी पाडता! मागून एवढंच आलं, "चलो, सुधारतो." घरी आईनं विचारलं, तर म्हणे, "फर्स्टक्लास झाली तालीम." मी जेवले नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग झाला. तिसऱ्या प्रवेशात बाबा थांबले ते थांबलेच. मुखवट्याच्या भोकांतून डोळे माझ्यावर. शेवटी त्यांचं वाक्यही मीच म्हटलं, "मालक, आता तुम्ही म्हणणार, त्या फुकट्याला पोरगी देत नाही! मग मी म्हणणार—" लोक हसून लोळले. आलोक म्हणाला, "कमाल!" मला रडू येत होतं— रागानं. प्रयोगाच्या दिवशीही पाठ नाही!

९ फेब्रुवारी

आई भाजी आणायला गेली तशी बाबा माझ्या खोलीत आले.

"तुझ्यासाठी ते काम मीच मागून घेतलं. आलोकला कारण नाही सांगितलं. मालकाच्या प्रत्येक प्रवेशात मोलकरीण असते ना."

मी खुर्ची पुढे केली.

"डॉक्टर दिवाळीतच म्हणाले, आता विसरत जाल. एक नाटक अजून करायचं होतं, बेटा."

फाटक वाजलं. आई आली.

"तिला मी सांगतो," बाबा म्हणाले. "तू फक्त जवळ बस."