हजेरीच्या पानावरचं माझं नाव

आये, आज सकाळी काकी आली होती, वईच्या कुंपणापलीकडची आपली काकी, आणि तिने जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. गॅसवर दूध उतू गेलं, उठून पुसायचंही सुचलं नाही. परवा तिचा मुलगा तिला मुंबईला घेऊन चाललाय, कायमची. घराला कुलूप लागणार. निरोप घ्यायला आली असेल म्हणून मी खुर्ची पुढे केली, तर बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “बाय गो, जाता जाता एक सांगतंय, मनाक लावन घेव नको. ऑफिसात तुझ्या आवशीचा नाव तू सांगलंस, ह्या माका पयल्यापासून म्हायत होतां.” तुझं नाव मी दिलं, हे तिला माहीत होतं! तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तू हेच धरून बसलीस की तुझी चुगली काकीने केली. मी तुला तसं समजू दिलं. आणि जिने काहीच केलं नव्हतं त्या बाईनेही समजू दिलं! मी तिला एकच प्रश्न विचारला आणि तिने त्याचं उत्तर दिलं, ते पुढे लिहिते. आधी तुला सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुला अर्धंच माहीत आहे.

आपला जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. दर महिन्याला एखादी जीप यायची, कुठलीतरी नवी योजना सांगून धुरळा उडवत जायची. त्यातलीच ही एक, बायांना निर्धूर चूल बांधायला शिकवायची. लाकूड कमी जळेल, डोंगर उघडे पडणार नाहीत, बायांचे डोळे वाचतील, असं साहेब शाळेच्या पडवीत उभं राहून बोलले म्हणे. सरकारचं अनुदान होतं त्याला. पंधरा दिवस शिकवणी, येणाऱ्या बाईला रोजचं विद्यावेतन, शेवटी प्रमाणपत्र आणि चुलीचा पत्र्याचा साचा. अटी दोनच. वय अठरा ते पस्तीस, आणि रोज हजेरीच्या रजिस्टरवर सही; अंगठा चालणार नाही. तू चाळिशी ओलांडलेली आणि अंगठाछाप. पण चूल म्हणशील तर आजूबाजूच्या चार वाड्यांत तुझ्यासारखी घालणारी होती कोण? रोयणीची, म्हणजे वारुळाची माती, त्यात भाताचा तूस किती, शेण किती, ते तू दोन बोटांत चिमूट धरून सांगायचीस. लग्नघर असो की बाळंतिणीचं न्हाणं, चूल घालायला हाक तुलाच. आता सरकार तेच शिकवणार आणि तू मात्र कुंपणाबाहेर उभी! ते तुला सोसलं नाही. मी त्या वेळी शिरोड्याला मावशीकडे, बारावीला परत बसायचं म्हणून. तू सरळ माझं नाव लावलंस. मला न विचारता, न कळवता. काकी वयात बसत होती, सातवी शिकलेली होती, ती खऱ्या नावाने तुझ्या शेजारी बसली.

मी शिरोड्याहून आले ती दुसऱ्यांदा नापास होऊनच. तू पानात जास्तीचा बांगडा वाढलास तेवढाच. तुझ्याबरोबर गावात निघाले की मी बघायचे, येता-जाता बाया तुला थांबवतायत, “आमच्याकडे कधी येतस गो?” विचारतायत, आणि तू पदराला हात पुसत वार सांगते आहेस; मला ते नेहमीचंच वाटलं, शिकवणीचं तू काहीच सांगितलं नव्हतंस. दुसऱ्या बॅचचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा वाटलं, आपणही करू, आईला चकित करू. तुला न सांगता एसटी पकडून तालुक्याच्या ऑफिसात गेले. कारकून वयस्कर, शांत माणूस. माझं नाव ऐकल्यावर चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, “तुमचं झालंय की प्रशिक्षण. पहिल्या बॅचला.” मी हसले. म्हटलं, चूक होतेय. त्याने रजिस्टर काढलं, पान उलटलं, माझ्याकडे फिरवलं.

आये, ते पान अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पंधरा दिवस, पंधरा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत माझं नाव. अक्षर माझं नाही. पहिल्या दिवशी काना एकीकडे, वेलांटी भलतीकडे, पेन दाबून दाबून कागद फाटायला आलेला. चौथ्या-पाचव्या दिवशी अक्षरं जरा उभी राहिलेली. शेवटच्या दिवशी तर बघत राहावं असं नाव, वर सरळ रेघ सुद्धा! मला क्षणभर वाटलं, कुणी करणीबिरणी केली की काय माझ्यावर. मग चौकटीच्या कडेला वाळलेल्या मातीचा बोटाचा ठसा दिसला, आणि सही कोणाची ते कळलं. अगो आये, ज्या बाईने आयुष्यात कधी पेन धरलं नाही, ती! स्वतःचं नाव लिहायला तू कधी शिकली नाहीस. आयुष्यात लिहिलंस ते एकच, माझं नाव, आणि ते मी अशा जागी बघितलं.

कारकुनाच्या ध्यानात आलं असणार. त्याने रजिस्टर मिटलं आणि हळूच म्हणाला, “ताई, एका नावावर एकदाच मिळतं. पण जाऊ द्या. घरचंच कुणी असेल. काम उत्तम आहे त्यांचं, साहेबांनी स्वतः बघितलंय.” म्हणजे तो माणूस सोडून देत होता! मी उठून घरी आले असते तर काहीच झालं नसतं. मी म्हटलं, “ही माझी सही नाही. माझ्या आईची आहे.” त्याने कोरा कागद पुढे सरकवला. “लिहून देणार?” “देते.” आणि दिलं, फुलस्केप कागदावर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. रागाच्या भरात तोंडून गेलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. राग होताच, माझी जागा गेली म्हणून. पण नुसता राग नव्हता. मी दोनदा नापास, आणि ज्या बाईला अ की ढ कळत नव्हतं ती माझ्या नावाने पास! मला हेवा वाटला, आये. सख्ख्या आईचा हेवा. हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

मग चौकशी लागली. तुझ्या बॅचच्या बायांना एकेक करून बोलावलं, काकीलाही. महिन्याभरात कागद आला: प्रमाणपत्र रद्द, साचा परत करावा. तू काही रडलीबिडली नाहीस. साचा राखेने घासलास, नवा असल्यासारखा लख्ख केलास, डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यावर गेलीस. संध्याकाळी आलीस तेव्हा मी आडाळ्यावर, विळीवर, नारळ खवत होते. तू पाय धुतलेस, माझ्यासमोर येऊन बसलीस आणि म्हणालीस, “तुझा नाव खराब केलंय गो मी. माका माफ कर.” तू माझी माफी मागितलीस! आणि मी काय केलं? मान खाली घालून खवत राहिले. करवंटी लागली तरी खवत राहिले. तेव्हा एक शब्द बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसऱ्या दिवशी तू वईशी गेलीस आणि काकीला हाक मारलीस. “कोणी सांगल्यान गो?” काकी म्हणाली, “माका खबर नाय.” तू म्हणालीस, “खबर कशी नाय? माझ्या बाजूक कोण बसलेला? माका लिवक कोणी शिकवलेला?” तेव्हा मला कळलं की माझ्या नावाची अक्षरं कोळशाने जमिनीवर काढून काकीनेच तुझ्याकडून गिरवून घेतली होती. काकी मान खाली घालून उभी राहिली आणि तू ती कबुलीच समजलीस. वईत जी जायची-यायची फट होती, जिथून विस्तव जायचा, कालवणाची वाटी यायची, ती तू त्याच दुपारी चुडत्या, म्हणजे सुक्या झावळ्या, आणि करवंदीचे काटे कोंबून बंद केलीस. मी तुला काटे आणून दिले. होय, मीच दिले. त्यानंतर तुम्ही दोघी बोलला नाहीत. तिच्या मुलीच्या लग्नाला तू गेली नाहीस. तू आजारी होतीस तेव्हा ती पेजेचं भांडं घेऊन रस्त्याने वळसा घालून आली, तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. भांडं मी घेतलं आणि तिची नजर चुकवली.

आणि मला बघ, मला दुसऱ्या बॅचमध्ये जागा मिळाली. प्रमाणपत्र माझं, साचा माझा, सही माझी. पहिली चूल बांधली ती खालच्या वाडीत, आणि पेटवल्याबरोबर धूर धुराड्यातून जायचा सोडून सगळा घरात! घरधनीण खोकत बाहेर पळाली. तू माझ्याबरोबर माती वाहायला म्हणून आली होतीस. तू आत गेलीस, ओली चूल कोपरापर्यंत हात घालून फोडलीस, आतली वाट अरुंद करून पुन्हा लिंपलीस. नारळाच्या सोडणाची शेंडी पेटवून तोंडाशी धरलीस. धूर सरळ आत खेचला गेला तशी माझ्याकडे बघून म्हणालीस, “कागद बघून चूल जळना नाय गो.” तेवढाच टोमणा. पुढे मी गावोगाव शिकवत फिरले, याच कामावर नोकरी लागली, निवृत्तही झाले. जे शिकवलं ते तुझंच, नाव मात्र माझं. तुला कोणी बोलवायला आलं की तू म्हणायचीस, “माका बंदी आसा. चेडवाक न्हेवा,” आणि लेक म्हणून मला पुढे करायचीस.

आता काकीचं उत्तर लिहिते. चौकशीला गेली तेव्हा साहेबांनी तिच्यापुढे माझा कागद ठेवला होता. तिला वाचता येत होतं. वाचून ती म्हणाली, माका काय म्हायत नाय, आणि घरी आली. मी आज विचारलं, “मग आईला सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं शिव्याशाप का खाल्लेस?” ती माझ्यावर वैतागलीच. म्हणाली, “येडी काय गो तू? तिका शेजारीण दुसरी गावली असती. धू खंयसून गावतली होती?” लेक कुठून मिळाली असती, एवढंच विचारून ती पायऱ्या उतरून गेली. आये, तुझी जिवाची शेजारीण माझ्यासाठी तुझ्याशी तुटली तरी खरं बोलली नाही, आणि मी इतकी वर्षं तिला वईवरून नुसतं “काय काकी, बरी आसस मां?” विचारत आले! रागही आला तिचा. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे सगळं तुला लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, तुला खरं सांगून टाकलं की मन हलकं होईल. तसं काही झालेलं नाही. तुला सांगणं सोपं आहे, तू काही बोलणार नाहीस, तोंड फिरवणार नाहीस. वईतली फट तू गेल्यावर मीच मोकळी केली होती. त्यातून मला आत्ता काकीचं अंगण दिसतंय. ती ओट्यावर बसून न्यायच्या लुगड्यांच्या घड्या घालते आहे. माझ्या पायरीपासून वीस पावलं असतील. सकाळपासून तीनदा चप्पल घातली आणि तीनदा काढून ठेवली.